आणीबाणीत तुमच्या गावात काय चाललं होतं?

तालुक्याचा_माणूस

जून उजाडला की आणीबाणीवर ढिगानं लेख येतात आणि सगळे दिल्लीचे. २५ जूनच्या रात्री सही कशी झाली, पेपरवाल्यांची वीज कशी तोडली, विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, यांना कुठून उचललं. वाचायला बरं वाटतं, पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात तेव्हा लोक काय करत होते, कशाला घाबरत होते की घाबरतच नव्हते, हे कोणी लिहीत नाही. ज्यांनी बघितलं ते आता ७५-८० च्या घरात आहेत. घरात विचारा आणि इथं लिहा एवढीच विनंती, पुस्तकातलं नको.

सुरुवात मी करतो. वडील तेव्हा परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर मास्तर होते, नवीनच नोकरी. आणीबाणी म्हटलं की काय आठवतं असं विचारलं तर मला वाटलं इंदिराबाई म्हणतील, ते म्हणाले "केसेस". १९७६ च्या पावसाळ्यात पंचायत समितीत मीटिंग झाली आणि प्रत्येक मास्तरला नसबंदीच्या केसेस वाटून दिल्या. केस नाही तर पगार नाही, तोंडीच सांगितलं, कागद कोणाच्या हातात नाही. मग हे लोक शाळा सुटली की वाड्या-तांड्यांवर. गडी शेतावर जायच्या आत गाठायचा म्हणून पहाटे सायकल काढायची, तर गावाला तेवढ्यात कळलेलं असायचं की मास्तर येतोय. सायकलची घंटी वाजली की तरणी माणसं ज्वारीत. ज्वारी पुरुषभर वाढलेली, कुठं शोधणार? बाया दारात येऊन सांगायच्या, कालच नांदेडला गेले. सगळा गाव एकाच दिवशी नांदेडला!

वडिलांची पहिली केस कोण, तर आमच्या मोठ्या काकांचा सालगडी. त्याला दोनच पोरं होती आणि त्यातलं एक नेहमी आजारी. तो म्हणाला, तुमच्या भावाचं खातो, तुम्ही म्हणाल तसं. जीपमध्ये बसताना त्यानं एवढंच विचारलं, "मास्तर, उद्या औत धरता येईल ना?" हे सांगून वडील उठून अंगणात गेले, मी पुढं विचारलं नाही.

तर माझा मुद्दा असा की दिल्लीतून जे काही निघालं ते आमच्याकडं ओळखीच्याच माणसाच्या हातून आलं. पोलीस नाही, मिलिटरी नाही. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक. तुमच्याकडं कसं होतं?

रानभाजी

वाचतेय. छान धागा. आईला फोन लावते आज रात्री.

साधासरळ

लेखन चांगलं आहे पण नाण्याची दुसरी बाजू पण येऊ द्या. आमच्या आजोबांच्या मते तो सगळ्यात चांगला काळ होता. तहसील कचेरीत १० ला माणूस जागेवर. गाड्या वेळेवर. किराणा दुकानाबाहेर भाव आणि साठ्याचा फळा लावायची सक्ती, त्यामुळं वाणी गपगार. त्याच्या आदल्या वर्षी गोडेतेल आणि डालड्यासाठी लोक रांगेत उभे होते, ते सगळं संपलं. भाव उतरले हे कोणी नाकारू शकत नाही. सामान्य माणसाला लोकशाहीपेक्षा तेल परवडतं का हे महत्त्वाचं.

खातेवही

@साधासरळ, भाव उतरले हे खरं, पण कशामुळं ते बघा. १९७५ ला देशभर झकास पाऊस झाला, त्या वर्षी धान्याचं उत्पादन १२ कोटी टनांवर गेलं, तोवरचा विक्रम. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडणं, सुकडी, मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरी हे सगळं लोकांच्या तोंडात ताजं होतं, त्यामुळं धान्य दिसलं की इंदिराबाईंचं नाव घ्यायचे. पावसाला आणीबाणीचा हुकूम काढून आणला नव्हता ना?

आणि माझे वडील बँकेत कारकून होते म्हणून सांगतो, सरकारनं १९७४ लाच सक्तीची ठेव काढली होती. महागाई भत्त्यात जी वाढ होईल तिची अर्धी रक्कम हातात न देता जमा. १९७५ मध्ये किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ वर आणला. संप करायची सोय नाही, नेते आत. म्हणजे भाव उतरायला नोकरदाराचा खिसापण कापलेला होता, तो तुमच्या आजोबांच्या फळ्यावर लिहिलेला नव्हता.

साधासरळ

बरं बरं, पाऊस. पण १० वाजता कारकून जागेवर बसवला तो पण पावसानंच का 😀

खातेवही

नाही, तो तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांनी. त्यांना हेडमास्तर म्हणायचे ते उगाच नाही. तो माणूस आणीबाणी नसती तरी घड्याळ घेऊन दारात उभा राहिला असता.

कृष्णाकाठ

आम्ही कराडचे. आमच्याकडं आणीबाणी म्हणजे डिसेंबर १९७५ चं साहित्य संमेलन. दुर्गाबाई भागवत अध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष कोण, तर साक्षात यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री. आता कराडात यशवंतराव म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, घरातलाच माणूस. आणि त्याच मांडवात दुर्गाबाई लेखणीच्या स्वातंत्र्यावर बोलल्या आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. जेपी तेव्हा नुकते तुरुंगातून सुटून मुंबईत जसलोकला होते, किडन्या गेलेल्या.

माझे मामा स्वयंसेवक होते, पाणी-चहा बघायला. ते म्हणतात की लोक उभे राहिले पण प्रत्येकजण आधी शेजारच्याकडं बघत होता, हा उठतोय का. आणि मग सगळे उठल्यावर डोळे मिटून एक फट ठेवून यशवंतराव काय करतायत ते बघत होते. दुर्गाबाईंचं पटलंय आणि यशवंतराव साहेबांना वाईट वाटायला नको अशी दोन्हीकडून ओढाताण. नंतर आठवडाभर आमच्या आजोबांच्या खानावळीत दोन नवीन गिऱ्हाईकं यायला लागली. रोज गोडाची आमटी आणि रोज तोच प्रश्न, संमेलनाला कोण कोण आलतं हो? आजोबा सांगायचे, लई लोकं आलती, बासुंदी कमी पडली. दुर्गाबाईंना पुढं १९७६ ला अटक झाली तेव्हा गावात कुणी मोठ्यानं काही बोललं नाही, पण आजोबांनी त्या दिवशी खानावळीतला रेडिओ लावला नाही. रोज लावायचे.

पॉपकॉर्नवाला

आता आणीबाणीतल्या कैद्यांच्या पेन्शनचा विषय कोण काढतंय याची वाट बघतोय.

चाळीसगाव_फास्ट

काढतो मीच, घरचाच आहे 😀

माझे आजोबा संघाचे. आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान जळगाव जिल्ह्यात. ४ जुलै १९७५ ला बंदी आली आणि थोड्याच दिवसांत त्यांना मिसा कायद्याखाली उचललं, नाशिकरोडला ठेवलं. मिसा म्हणजे खटला नाही, आरोप नाही, तारीख नाही. आजी मला नेहमी हेच सांगायची की खुनाच्या आरोपीच्या बायकोला पण माहीत असतं की पुढची तारीख कधी, मला तेवढंपण नव्हतं. सुटणार ते मार्च महिन्यात की मेल्यावर, कुणाला विचारायचं?

जून-जुलै म्हणजे वह्या-पुस्तकांचा सीझन. माल उधारीवर भरलेला, मालक आत. गिऱ्हाईक येईना. रागानं नाही, भीतीनं. त्या दुकानातून वही घेतली तर आपलं नाव कुठं लागेल. आजीनं मग दुकानाची मागची खिडकी उघडली आणि पोरांना सांगितलं, मागून या. आणि पोरं यायची! आई-बापच पाठवायचे, पुढून नको जाऊ म्हणून. पुढचं दार बंद आणि मागं खिडकीत गर्दी, असं ते वर्ष काढलं. शेजारी काँग्रेसचे नगरसेवक राहायचे, आजोबांचं आणि त्यांचं कधी जमलं नाही, नगरपालिकेत रोज भांडण. त्यांनी माझ्या वडिलांची आणि आत्याची फी भरली. आजीला म्हणाले, वहिनी, हे त्याला सांगायचं नाही, तो सुटला की मला भांडायचंय त्याच्याशी.

तिकडं जेलात वेगळीच मजा. जमाते इस्लामीवर पण त्याच दिवशी बंदी आलेली, त्यामुळं संघवाले, जमातवाले आणि समाजवादी एकाच आवारात. आजोबा उर्दू लिहायला तिथं शिकले. आमच्याकडं त्यांची एक वही आहे, उजवीकडून सुरू होणारी. पत्रं यायची त्यात मधेमधे ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या. आजी म्हणायची, काळं केलेलं सगळं माझ्याबद्दल प्रेमानं लिहिलेलं असणार, राजकारण तर ते घरी पण बोलायचे नाहीत.

पॉपकॉर्नवाला

आणि पेन्शन?

चाळीसगाव_फास्ट

२०१८ ला सरकारनं सुरू केली, महिन्यापेक्षा जास्त आत असेल त्याला १० हजार. २०२० ला सरकार बदललं, बंद. २०२२ ला परत बदललं, परत चालू. आजोबा तोवर गेले होते, आजीला मिळायची. ती ना चालू झाल्यावर खूश झाली ना बंद झाल्यावर चिडली. मला विचाराल तर ती नगरसेवकांच्या घरी पाठवायला पाहिजे होती.

तिरकस_तात्या

व्वा, म्हणजे जनतेच्या पैशातून कार्यकर्त्यांना पगार. आणि आजच्या अघोषित आणीबाणीबद्दल धागाकर्त्याचं मत काय?

साधासरळ

आली का गाडी मूळ पदावर.

तालुक्याचा_माणूस

@तिरकस_तात्या, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं येऊन भांडतो. इथं १९७५-७७, तालुका पातळी. आठवणी असतील तर लिहा नाहीतर वाचा.

बोरमाळ

माहेर बीड जिल्हा. आईची आई, आम्ही तिला जीजी म्हणायचो. तिची आठवण ऐकून तुम्हाला कोणत्या बाजूला टाकायची ते ठरवा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९७२ च्या दुष्काळात जीजीनं तिचा तांब्याचा हंडा आणि बोरमाळ गावच्या सावकाराकडं गहाण ठेवली. नंतर व्याज काही फिटेना. १९७५ ला महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला, मग कायदा. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, कारागीर यांची सावकारी कर्जं माफ आणि गहाण वस्तू परत. गावात चावडीपुढं सावकाराला बसवलं, तलाठी वही घेऊन, आणि एकेक बाई पुढं येऊन आपली वस्तू ओळखायची. जीजीनं हंड्याच्या काठाला बोट लावून बघितलं, तिथं एक पोचा होता, तिच्याच सासूनं आपटलेला. तोच हंडा. माळ पण मिळाली, दोन मणी कमी. तिनं मोजून सगळ्यांपुढं सांगितलं, दोन कमी हायेत. ज्या माणसापुढं आयुष्यभर पदर डोक्यावरून हलला नाही त्याला चारचौघांत असं म्हणाली! हे सांगताना म्हातारपणी पण तिचा आवाज चढायचा. इंदिरा गांधींचा फोटो देव्हाऱ्याशेजारी होता आमच्याकडं, तो या हंड्यामुळं.

पण पुढच्या जूनला बियाणं घ्यायला पैसे नव्हते. सावकार म्हणाला आता बँकेकडं जा. बँक तालुक्याला, सोसायटीत सातबारावाल्यांनाच उभं करत नव्हते, तर जीजीच्या दीड एकराला कोण विचारतंय. शेवटी तोच हंडा त्याच सावकाराकडं रात्री नेऊन दिला, यावेळी वहीत नाव न लिहिता. व्याज आधीपेक्षा जास्त. आणि तरी ती इंदिराबाईंनाच चांगलं म्हणायची, शेवटपर्यंत.

खातेवही

@बोरमाळ, जबरदस्त. हे तंतोतंत बऱ्याच ठिकाणी झालं. कायदा चांगला, पण त्याच्यामागं पत उभी करायला पाहिजे होती ती केली नाही.

रानभाजी

आईशी बोलले. ती एएनएम होती, म्हणजे गावच्या भाषेत नर्सबाई, सांगोल्याच्या बाजूला. धागाकर्त्याच्या वडिलांसारखंच तिलाही टार्गेट. तिनं सांगितलेलं तसंच्या तसं टाकते.

"एप्रिल ७६ ला धोरण आलं. दोन मुलांवर ऑपरेशन केलं तर १५० रुपये, तिनावर १००, चार आणि पुढं ७०. म्हणजे ज्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त त्याला पैसे कमी. आम्ही हे सांगायला गेलो की माणसं हसायची. मग जीपा सुरू झाल्या आणि हसणं बंद झालं. माझ्या उपकेंद्रात लसीला पोरं आणणं बंद झालं. बाळंतपणाला बोलावणं बंद झालं. वर्षानुवर्षं ज्या घरात मी चहा प्यायले त्या घरातली सासू मला बघून दार लावायची. धनुर्वाताची सुई टोचायला गेले तर एक गरोदर बाई म्हणाली, बाई हिच्यात तेच औषध असंल. दोन वर्षांत गमावलेला विश्वास मिळवायला मला रिटायर होईपर्यंत लागलं."

आणि पुढं तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ७७ नंतर पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती. पण टार्गेट तर संपलं नाही, नाव बदललं फक्त, कुटुंब नियोजनाचं कुटुंब कल्याण झालं. मग ते सगळं बायकांवर आलं. पुरुषांचं सोपं ऑपरेशन बंद आणि बायकांचं अवघड ऑपरेशन चालू, कॅम्पात, ओळीनं. आजही तेच आहे. तुमच्या ओळखीत किती पुरुषांनी केलंय सांगा बरं. आई म्हणते, आणीबाणी पुरुषांनी भोगली दीड वर्ष, बायका अजून भोगतायत.

कृष्णाकाठ

नर्सबाईंना दंडवत.

तालुक्याचा_माणूस

@रानभाजी, हे वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी आईंना नमस्कार सांगितलाय. म्हणाले, महाराष्ट्रानं तर सक्तीचा कायदाच करायला घेतला होता, तिसऱ्या मुलानंतर सक्ती. हे मी शोधलं, खरं आहे, १९७६ ला विधिमंडळात मंजूर झाला होता, राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून राहिला. पुरोगामी महाराष्ट्र म्हणून कॉलर ताठ करताना हे पण लक्षात असू द्या.

पैठणचा_पाहुणा

आमचं गाव धरणात गेलेलं, जायकवाडी. १९७६ ला उद्घाटनाला इंदिराजी पैठणला आल्या, ट्रक भरभरून माणसं नेलेली, त्यात आमचे चुलते पण. ज्या पाण्यात स्वतःचं घर गेलं त्याच्या उद्घाटनाला जाऊन टाळ्या वाजवून आले. विचारलं का गेलात, तर म्हणाले ट्रक फुकट होता आणि बाईला बघायचं होतं. एवढंच, जास्त काही नाही माझ्याकडं.

धापेवाडा

राजेहो, तुम्ही सगळे लिहिता त्यावरून वाटते की १९७७ च्या निवडणुकीत सगळा महाराष्ट्र पेटून उठला होता. आमच्याकडे विदर्भात तसं काही नव्हतं. बऱ्याच जागा काँग्रेसनंच राखल्या, नागपूर, रामटेक, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ. राज्यात लोकसभेच्या ४८ पैकी काँग्रेसला २० मिळाल्या, त्यातल्या कितीतरी इकडच्याच. पवनारला विनोबा बसले होते, आणीबाणीले अनुशासन पर्व, म्हणजे शिस्तीचा काळ, म्हणून लिहून दिलं त्यांनी, आणि सरकारनं ते भिंतीभिंतीवर रंगवलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर पार मी सातवीत जाईपर्यंत पुसट दिसत होतं. मास्तर त्याच्यावर निबंध द्यायचे, इंदिराबाईंचा वीस कलमी कार्यक्रम पाठ करून घ्यायचे. मले वीसच्या वीस कधी आले नाहीत, सोळावर अडायचो.

चाळीसगाव_फास्ट

@धापेवाडा, आमच्याकडं मात्र ७७ ची निवडणूक म्हणजे जत्रा. जानेवारीत निवडणूक जाहीर झाली, माणसं सुटायला लागली. जनता पक्षाकडं पैसा शून्य. सभेत चादर फिरवायची आणि लोक त्यात चिल्लर टाकायचे. आजी सांगायची की ज्या लोकांनी मागच्या खिडकीतून वह्या घेतल्या ते चादरीत नोटा टाकताना तिच्याकडं बघून टाकत होते, बघितलंस ना म्हणून. आणि सभेला पुढं बसले होते ते खाकी पँट (संघवाले) आणि लाल टोपी (समाजवादी) शेजारी शेजारी. टिकणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं म्हणे, कारण सभा संपल्यावर दोघांचा चहा वेगवेगळ्या हॉटेलात.

२० मार्चच्या रात्री मोजणी, गावात ट्रान्झिस्टर असलेल्या प्रत्येक घरासमोर माणसं. बीबीसी लावायला एक सायन्सचे प्राध्यापक बोलावलेले, त्यांनाच ते शॉर्टवेव्हचं बटण जमायचं. रायबरेली पडलं, म्हणजे खुद्द इंदिराबाई हरल्या म्हटल्यावर शेजारचे नगरसेवक बाहेर आले आणि म्हणाले, आता झोपा सगळे, सकाळी मला शिव्या द्यायच्यात ना.

साधासरळ

आणि तीन वर्षांत काय झालं तेही लिहा की. १९८० ला त्याच महाराष्ट्रानं ४८ पैकी ३९ इंदिरा काँग्रेसला दिल्या. ज्वारीत लपणाऱ्यांनी पण दिल्या असतील ना?

तालुक्याचा_माणूस

दिल्या. वडिलांना विचारलं, त्या सालगड्यानं ८० ला कोणाला दिलं. म्हणाले, इंदिराबाईला. का, तर जनतावाले एकमेकांशी भांडत होते आणि कांदा महाग झाला होता. मी म्हटलं आणि ऑपरेशन? तर वडील म्हणाले, ते त्यानं इंदिराबाईच्या नावावर कधी लावलंच नाही. माझ्या नावावर लावलं. वारेपर्यंत आमच्या घरी जेवला नाही.

धापेवाडा

८० चं आमच्या आजीचं ऐका. ७७ पर्यंत काँग्रेसची निशाणी गाय-वासरू, तिला तेवढंच माहीत. ८० ला पक्ष फुटलेला, निशाणी झाली हात. ती शिक्का घेऊन आत गेली ते बाहेरच येईना. अधिकारी म्हणे, आजी झालं का? ही आतून ओरडली, "गाय कुठी गेली रे? तुम्ही विकली का?" सगळी रांग हसली. कोणीतरी बाहेरून सांगितलं, आजी, पंजा पाहा पंजा. पोलिंग एजंट भांडाले उठले की हा प्रचार झाला. ती म्हणे, गाय आणा मग देतो मत, आणि शिक्का टेबलावर ठेवून घरी. आबा तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत, ते काँग्रेसचे बूथप्रमुख होते.